नायजेरियाची 36 राज्यं ब्रिटिशांनी आखलेली नाहीत

आफ्रिकेच्या नकाशावर पट्टी ठेवून रेघा मारणारा गोरा साहेब, हे चित्र सगळीकडे फिरतंय. खाली मजकूर असा: नायजेरियाची 36 राज्यं ब्रिटिश आखून गेले, एकेका जमातीला एकेक राज्य दिलं आणि म्हणून तिथे आजही सतत नवी राज्यं निघतात.

देशाच्या बाहेरच्या सीमा साम्राज्यांनी ठरवल्या, हे खरंच आहे. उत्तर आणि दक्षिण एकत्र जोडले तेही 1914 मध्ये ब्रिटिश गव्हर्नर लुगार्डने. पण 1960 मध्ये ब्रिटिश गेले तेव्हा आत विभाग होते तीनच: उत्तर, पश्चिम आणि पूर्व. चौथा, मिड-वेस्टर्न, 1963 मध्ये सार्वमताने झाला. लोकांना विचारून नवा घटक निर्माण झाला तो तेवढाच. पुढचं सगळं लष्करी हुकमाने.

त्यातला 1967 चा निर्णय समजून घ्यायलाच हवा. पूर्व विभाग फुटून निघण्याच्या बेतात होता. 27 मे रोजी लष्करी राजवटीचे प्रमुख जनरल गोवन यांनी चारही विभाग मोडून 12 राज्यं जाहीर केली. पूर्वेचे तीन तुकडे झाले: इग्बो जमातीचं बहुमत असलेला भाग एका राज्यात, तर किनारा आणि बरंचसं तेल असलेला अल्पसंख्य जमातींचा मुलूख उरलेल्या दोघांत. तीनच दिवसांनी पूर्व विभागाचे लष्करी गव्हर्नर ओजुक्वू यांनी बियाफ्रा या स्वतंत्र देशाची घोषणा केली. त्यातून पेटलेलं यादवी युद्ध जानेवारी 1970 पर्यंत चाललं. ही रेघ लंडनमध्ये नव्हे, तेव्हाची राजधानी लागोसमध्ये मारली गेली. तिचं श्रेय किंवा दोष ब्रिटिशांना देणं म्हणजे नायजेरियन लोकांचा स्वतःचा इतिहास पुसणं, आणि मला सगळ्यात जास्त तेच खटकतं.

पुढे 1976 मध्ये 19, 1987 मध्ये 21, 1991 मध्ये 30 आणि 1996 मध्ये लष्करशहा अबाचांच्या काळात 36.

‘एक जमात, एक राज्य’ हेही टिकत नाही. देशात 500 च्या आसपास भाषा आहेत. इग्बोबहुल राज्यंच पाच आहेत, तर प्लॅटोसारख्या एकाच राज्यात कित्येक जमाती नांदतात.

आणि सतत नवी राज्यं? मागण्या पुष्कळ होतात, पण 1996 नंतर एकही झालेलं नाही. 1999 च्या राज्यघटनेनुसार त्या भागातल्या लोकप्रतिनिधींची दोन-तृतीयांश संमती लागते, मग तिथल्या सार्वमतात तितकाच कौल, मग बहुसंख्य राज्यांची मान्यता आणि शेवटी संसदेत पुन्हा दोन-तृतीयांश मतं. लष्करशहांना एक सही पुरत होती.