चाकूवाला काका

आमच्या वरुड साइडला माणसाच्या खिशात काय निघेल सांगता येत नाही. खर्र्याची पन्नी, चुन्याची डबी, ड्रिपचा एखादा जॉइनर, मागच्या वर्षीची काट्याची पावती. त्याचं कोणाला काही वाटत नाही. माझ्या खिशातून चाकू निघाला की मात्र लोक एक पाऊल मागं सरतात, "काऊन गा, कोणाले मारतं का?" आणि पुढच्याच मिनिटाला, "दे बरं इकडे जरासा."

चाकू बाबांचा आहे. घडीचा, तीन इंची पातं, शिसवाची मूठ, कोणत्यातरी यात्रेतून घेतलेला. बाबा म्हणायचे दीड रुपयात, आई अजूनही म्हणते बारा आण्यात, आणि यावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी शेताच्या वाटणीवर नाही झाली. पातं साध्या पोलादाचं, स्टेनलेस नाही, त्यामुळे आंबट कापून पुसायचं विसरलं की काळंनिळं पडतं. पण दगडावर दहा-बारा हात मारले की अशी धार लागते की काय सांगू. फक्त पाजवून पाजवून पातं अर्धं उरलंय.

आता खरं बोलायचं तर संत्र्याच्या मुलखात चाकू लागतोच कशाला, नागपुरी संत्र्याची साल एवढी ढिली की नख लावलं की फोडी हातात. बायको म्हणते, "अजी, संत्रेवाल्याच्या खिशात चाकू म्हणजे मासोळीच्या हातात छत्री." पण झाडाला लागतो ना! डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, आला की खोडाची सडकी साल खरवडून काढायची आणि वरून बोर्डो पेस्ट लावायची, 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. हे मी पाहुण्यांना मोठ्या ऐटीत सांगत होतो तर ती आतून ओरडली, "अन् त्याच चाकूनं काल पेरू कापला यायनं!" (पुसला होता. धोतराला पुसला म्हणजे धुतल्यासारखाच.)

उधार मागणारे तर विचारू नका. खताच्या पोत्याची सुतळी, मोटरची वायर सोलणं, पोट्ट्यांचा वाढदिवसाचा केक. एकानं स्टार्टरच्या पेटीचा स्क्रू खोलला, टोक वाकलं, मी बघतोय हे बघून म्हणतो, "मजबूत हाये बाप्पा!" आणि हातात घेणार नाहीत बरं का, चाकू हातात दिला की भांडण होतं म्हणतात, म्हणून मी तो जमिनीवर ठेवायचा मग हे उचलणार. परत देताना मात्र तो जमिनीवरच राहतो.

नागपूरला एका ऑफिसात कामाला गेलो तेव्हा गेटवरच्या भाऊनं खिसा चाचपला. मी त्याला शांतपणे सांगितलं की शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब नाहीतर 2 इंचांपेक्षा रुंद पातं असेल तर भानगड, त्यातही घरच्या आणि शेतीच्या अवजारांना सूट, माझं पातं तर अंगठ्याएवढं. तो म्हणाला, "काका, तुम्ही वकील आहे का? मंग ठेवा बाहेर." बाहेर म्हणजे पानठेला. दोन तासांनी परत आलो तर ठेलेवाला त्याच चाकूनं सुपारी फोडत होता. सुपारी!

पण हे सगळं एकीकडे आणि आमच्या चुलतभावाच्या पोराचं लग्न एकीकडे. हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार पाहिजे, टोकाला लिंबू खुपसून, लग्न लागेपर्यंत सोडायची नाही. गावात कट्यार एकाच घरी, आणि त्याच तिथीला ती दुसऱ्या वरातीसोबत मोर्शीला गेलेली. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं अरे हा घडीचा आहे, याला लॉक नाही. कोण ऐकते! लिंबू खुपसला तर पातं लिंबासकट मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं, शेवटी आत्यानं लाल नाड्यानं सांध्यावर गच्च बांधून टाकलं. वरातीत डीजेपुढे पोट्ट्यांनी नवरदेवाला खांद्यावर घेतलं तेव्हा तो नाडा सुटला आणि लिंबू उडून बॅन्जोवाल्याच्या टोपीत पडला, हे शूटिंगमध्ये आहे, स्लो मोशनमध्ये आहे. मग नवीन लिंबू.

चाकू पाच दिवसांनी परत आला. लिंबू तसाच खुपसलेला, सुकून खारकेएवढा झालेला. काढून पाहिलं तर पात्यावर लिंबाचा काळा ठसा, काठाला गंज, आणि खिळ्यात हळद गेलेली, ती अजून निघते, मागच्या महिन्यात भेंडी कापली तर पिवळी. मी दगड घेऊन घासायला बसलो तर आत्या म्हणे, "नवरदेवाचा चाकू हाये, आता कांद्या-लसणाले लावजो नको."

माझी ही दशा पाहून पुण्याच्या भाच्यानं फ्रान्सचा चाकू पाठवला. ओपिनेल, 1890 पासून बनतो म्हणे, आणि मुठीवर एक कडं आहे ते फिरवलं की पातं मिटत नाही. वस्तू सुंदर, मी तर दोन दिवस नुसता उघडझाप करत बसलो. मग पाऊस लागला. मूठ लाकडाची, पाणी प्यायली आणि फुगली, पातं आत जे अडकलं ते निघेचना. मी ओट्यावर ठोकत बसलोय, बायको म्हणते, "आपल्या न्हाणीच्या दारावानीच हाये हो हा, दिवाळीले उघडीन."

दिवाळीला उघडला खरंच. उन्हाळ्यात तर एकदम झकास चालायला लागला. आणि हे मी पानठेल्यावर दोन-चार जणांना दाखवलं ही माझी चूक.

परवा सकाळी दारात एक पोट्टं उभं, कोपरापर्यंत हळद, हातात लिंबू.

"काका, बाबानं चाकू मांगतला."

मी बाबांचा चाकू काढून खाली ठेवला. त्यानं पाहिलासुद्धा नाही.

"हा नाई. कड्यावाला."