दोनदा बंद पडलेली टीम

कॅलिफोर्नियातल्या सेंट मेरीज या छोट्याशा कॅथलिक कॉलेजच्या फुटबॉल टीमबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं. हा फुटबॉल म्हणजे अमेरिकन, बॉल हातात धरून पळायचा.

१९२० साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या टीमने यांना १२७-० असं हरवलं. एकशे सत्तावीस! पुढच्या वर्षी स्लिप मॅडिगन कोच म्हणून आले. नोत्र दाम विद्यापीठात नामांकित कोच नूट रॉक्नींच्या हाताखाली तयार झालेला माणूस. १९२६ मध्ये याच सेंट मेरीजने त्याच बर्कलीला २६-७ ने हरवलं.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो १९३० चा न्यूयॉर्कच्या फोर्डहॅम विद्यापीठाविरुद्धचा सामना. मैदान न्यूयॉर्कचंच, पोलो ग्राउंड्स. पोरं देशाच्या दुसऱ्या टोकाहून ट्रेनने आलेली. हाफटाइमला फोर्डहॅम १२-० ने पुढे, आणि तोवर त्या सीझनमध्ये त्यांना कोणी हरवलेलं नव्हतं. दुसऱ्या हाफमध्ये मात्र फोर्डहॅमला एकही गुण मिळाला नाही. सामना २०-१२, सेंट मेरीजच्या खिशात. लांबून येऊन, मागे पडूनही हार न मानणं म्हणजे काय, ते इथे दिसतं.

पुढे कॉटन बोल जिंकला, शुगर बोल हरले. हे सीझननंतर निवडक टीममध्ये होणारे मानाचे सामने. १९५० च्या सीझननंतर टीम बंद. त्या टीममधला जॉन हेन्री जॉन्सन अ‍ॅरिझोनाच्या कॉलेजात गेला आणि पुढे प्रो फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये पोहोचला.

१९६७ मध्ये विद्यार्थ्यांनीच खटपट करून क्लब म्हणून, म्हणजे कॉलेजची अधिकृत टीम नसताना, ती पुन्हा उभी केली. पुढे कॉलेजने ती आपल्या पंखाखाली घेतली. १९८८ मध्ये दहापैकी दहा सामने जिंकले. आणि मार्च २००४ मध्ये पुन्हा बंद.

फुटबॉल महागडा खेळ आहे, हे मला मान्य आहे. इतक्या खेळाडूंचं किट, स्कॉलरशिप, प्रवास, सगळंच छोट्या कॉलेजला जड जातं. पण परवडत नसेल तर एक पायरी खाली उतरून क्लब व्हायचं, थेट कुलूप कशाला? ती पायरी कॉलेजला माहीत होती. विद्यार्थ्यांनी १९६७ मध्ये तिथूनच सुरुवात केली होती. मोठ्या सामन्यांचा मान गेला असता, टीम राहिली असती. त्या मुलांच्या हातून ती काढून घेणं मला आजही पटत नाही.

याच कॉलेजच्या रग्बी टीमने २०१४, २०१५ आणि २०१७ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. कॉलेज तेच, तेवढंच छोटं.