साठीत वेगळं होताना: सही करण्याआधी

मुलं शिकून बाहेर पडली की घरात दोघंच उरतात, आणि तीस-पस्तीस वर्षं मुलांकडे बघून रेटलेला संसार काहींना पुढे रेटवत नाही. त्यांना ‘आता या वयात?’ म्हणणाऱ्या नातेवाइकांनी गप्प बसावं. माझी काळजी वेगळीच आहे: आयुष्यभर घर सांभाळलेली बाई ‘सुटले एकदाची’ म्हणून समोर येईल त्या कागदावर सही करते.

संमतीचा घटस्फोट तसा सोपा. हिंदू विवाह कायदा, कलम 13ब: वर्षभर वेगळं राहायचं, अर्ज करायचा, सहा महिने थांबायचं. एका छताखाली राहूनही नवरा-बायकोचं नातं उरलेलं नसेल, तर ते वेगळं राहणंच धरतात. सहा महिन्यांची अटही 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे माफ होऊ शकते. अडतं ते लग्नाच्या दाखल्यापाशी. जुन्या लग्नांची नोंदणीच नसते. मग पत्रिका, फोटो, प्रतिज्ञापत्र जमवा.

नुकसान होतं पैशात. गोव्यात वेगळा करार नसेल तर लग्नातच मालमत्ता दोघांची सामायिक होते, निम्मा वाटा मागता येतो. महाराष्ट्रात तसं नाही. फ्लॅट नवऱ्याच्या नावावर असेल तर बायकोचा आपोआप अर्धा हिस्सा होत नाही. घर तिला द्यायचं ठरलं असेल, तर कोर्टाच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याआधीच बक्षीसपत्र नोंदवा. नवरा-बायकोतल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं. नातं संपलं की ती सवलतही संपते.

पेन्शनचा मुद्दा तर वकीलसुद्धा विसरतात. सरकारी पेन्शनर गेला तर कुटुंब निवृत्तिवेतन विधवेला मिळतं, घटस्फोटितेला नाही. महिन्याची पोटगीही सहसा त्याच्याबरोबरच थांबते. म्हणून रक्कम एकरकमी घ्या, अंतिम जबाबाच्या दिवशी डिमांड ड्राफ्ट हातात आल्यावरच सही करा. एकरकमी जमत नसेल तर त्याच हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 खाली पोटगीचा बोजा त्याच्या स्थावर मालमत्तेवर चढवून मागा.

मेडिक्लेम फ्लोटर, म्हणजे दोघांची मिळून एकच आरोग्य विमा पॉलिसी असेल तर पॉलिसीच्या नूतनीकरणाआधीच कंपनीला लेखी विचारा, की जुना प्रतीक्षा काळ (आधीच्या आजारांना विमा लागू होईपर्यंतचा काळ) धरून तिला स्वतंत्र पॉलिसी मिळेल का. मधुमेह, रक्तदाब असताना पहिल्यापासून सुरुवात करणं फार महागात पडतं.

दोघांपैकी कुणालाच पुन्हा लग्न करायचं नसेल, तर त्याच कायद्याच्या कलम 10 खालची न्यायिक विभक्ती वकिलाला जरूर विचारा. वेगळं राहता येतं, लग्न मात्र कायद्याने टिकतं. त्याच्या सरकारी खात्याचे पेन्शनचे नियम तेवढे आधी वाचून घ्या.