कोपऱ्यातला रॉड आणि ‘थोतांड’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार ‘गरीवाला’,

पावसाळ्यात मासेमारीचे रॉड घरात कसे ठेवावेत (कोपऱ्यात न टेकवता, भिंतीवरच्या फळ्यांच्या रॅकवर किंवा पाइपात) या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. इतरांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात इथे देतो. तुमचं म्हणणं असं: ‘कोपऱ्यात टेकवून ठेवला की रॉड वाकतो हे निव्वळ थोतांड, माझे सहा रॉड वर्षानुवर्षं दाराआड उभे आहेत.’ पुढे: दोन इंची पाइपात सर्फ रॉड (किनाऱ्यावरून लांब फेकायचा रॉड) जात नाही. पाइपात सिलिका जेल (ओल शोषणाऱ्या पुड्या) का सांगितलं नाही? दर वेळी रील (दोरी गुंडाळायची चकरी) काढत बसायला वेळ कुणाला आहे? आजोबांची कळकाची काठी पन्नास वर्षं टिकली ती कुठल्या रॅकवर होती? आणि शेवटी, ‘परदेशी व्हिडिओ बघून मराठीत उतरवलं की झाला तज्ज्ञ.’

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण झोंबलं ते तेच. रॉडची तुटलेली गाईडं (लाइन, म्हणजे गळाची दोरी, ज्यांतून जाते त्या पायावरच्या रिंगा) बदलणं, दोरा गुंडाळून इपॉक्सी चढवणं हे काम मी अठरा वर्षं करतोय. टेबलावर आलेला रॉड समुद्रावर बिघडला की घरात, हे गाईडच्या पायाकडे बघून सांगता येतं, आणि त्यासाठी व्हिडिओ लागत नाही. मतभेद असू द्या, त्याला ना नाही. पण ‘थोतांड’ हा शब्द भोंदू बाबासाठी असतो. भिंतीला दोन फळ्या ठोका म्हणणाऱ्याला तो लावायचा म्हणजे जरा जास्तच झालं.

आता जे चुकलं ते आधी कबूल करतो. पाइपाबद्दल तुमचं बरोबर आहे. मी ५० एमएम लिहिलं, तो बाहेरचा व्यास झाला; आत आणखी कमी जागा मिळते. १२ फुटी सर्फ रॉडच्या बुडाकडच्या पहिल्या गाईडची रिंगच ४० नंबरची, म्हणजे साधारण ४० मिलिमीटर, आणि ती पायावर उंच उभी असते. ती ५० एमएममध्ये जाणार नाही, जबरदस्तीने घातली तर पाय वाकेल. एका रॉडला ७५ एमएम घ्या, दोन रॉड एकत्र ठेवायचे तर ११० एमएम, आणि टोकाचा तुकडा उलटा घाला म्हणजे मोठी गाईडं एकमेकांवर येत नाहीत. लेखात दुरुस्ती केली आहे. झालं समाधान?

आता कोपरा. माझं वाक्य असं होतं: ‘रॉड कोपऱ्यात टेकवून महिनोन्महिने ठेवू नयेत, खराब होतात.’ ‘वाकतात’ हा शब्द तुम्ही घातलात आणि मग त्यालाच झोडपलंत. चांगला कार्बन रॉड स्वतःच्या वजनाने वाकून बसत नाही हे मलाही माहीत आहे. फायबरग्लासचा स्वस्त टेलिस्कोपिक रॉड मात्र टोकावर भार देऊन उन्हाळाभर तिरका ठेवून बघा, मग बोलू. आणि कार्बनलासुद्धा, गळ कीपरमध्ये (मुठीजवळच्या छोट्या कडीत) अडकवून लाइन तारेसारखी ताणून ठेवायची सवय असेल तर टोक सतत ओढलेलं राहतं. ती सवय बहुतेकांना असते. दाराआडच्या तुमच्या सहा रॉडांची लाइन ढिली आहे का, एवढं बघाच.

पण कोपऱ्याचं खरं दुखणं वाकण्याचं नाहीच. दाराआडच्या कोपऱ्यात दिवसभर काय चालतं? दार उघडलं की टोकाला टेकतं. लादी पुसली की बुडाची टोपी ओल्यात उभी. एक रॉड काढायला गेलं की दुसरा घसरतो आणि त्याला लटकलेलं १०० ग्रॅमचं शिसं शेजारच्या कार्बनवर आपटतं. हा शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट, कारण तो दिसत नाही. कार्बनचे धागे लांबीच्या दिशेने भार छान पेलतात, आडवा ठोसा त्यांना सोसत नाही. आतला एखादा थर चिरतो, वरचं वॉर्निश चकचकीतच राहतं. पुढे ऑक्टोबरात जिताडा लागतो, रॉड नेमका तिथेच मोडतो, आणि खापर फुटतं कंपनीवर.

दुसरी गोष्ट मिठाची, आणि माझा लेख खरं तर तिच्यावरच होता. तिच्याबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत अक्षर नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, समुद्रही खवळलेला असतो, त्यामुळे किनाऱ्यावरून गरवणारे आपणही बहुतेक थांबतो. नेमके तेच दोन महिने रॉड घरात पडून राहतात. मे महिन्यात गाईडवर वाळलेलं मीठ पांढरं आणि गरीब दिसतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास पोचली की तेच मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं आणि आपण त्यात तांदूळ टाकतो, तोच प्रकार. मुंबईपासून मालवणपर्यंत जुलैमध्ये आर्द्रता त्याच्या खाली फारशी येत नाही. म्हणजे रॉड कोरड्या घरात असला तरी गाईडचे पाय दोन महिने खाऱ्या पाण्यातच.

‘गाईड स्टेनलेसचं आहे’ म्हणाल. आहे. पण स्टेनलेस टिकतं ते वरच्या पातळ ऑक्साइडच्या थरामुळे, आणि तो थर शाबूत राहायला प्राणवायू लागतो. गाईडचा पाय दोऱ्याखाली आणि इपॉक्सीखाली गाडलेला असतो. तिथल्या फटीत खारट ओल शिरली की थर तुटतो आणि धातू आतून पोखरत जातो. बाहेरून दिसते ती एक बारीक तपकिरी रेघ, दोरा जिथे संपतो तिथे. ती रेघ दिसेपर्यंत पाय अर्धा गेलेला असतो. दार बंद असलेल्या, वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात हे लवकर होतं, एवढंच मी लिहिलं होतं.

म्हणून ठेवण्याच्या आधीचं धुणं महत्त्वाचं. रॉडचे तुकडे सुटे करा. साधं पाणी, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब आणि जुना मऊ टूथब्रश घेऊन प्रत्येक गाईडच्या पायाभोवती आणि रील सीटच्या (रील बसवायच्या जागेच्या) आट्यांत फिरवा. पाण्याचा जोराचा फवारा नको. रील धुताना ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा लाइन किती सहज सुटेल ते ठरवणारा ब्रेक) घट्ट करा म्हणजे वॉशरपर्यंत पाणी जात नाही, आणि वाळल्यावर पूर्ण ढिला करा, नाहीतर वॉशर चपटे होऊन ड्रॅग धक्के देत सुटतो. मग सगळं पंख्याखाली रात्रभर. सांध्याच्या पोकळ बाजूत कापसाची काडी फिरवून ओल काढा, आणि आत जाणाऱ्या बाजूला मेणबत्तीचा तुकडा हलकाच घासा. तेल लावू नका, तेलाला वाळू चिकटते. ओला रॉड कापडी पिशवीत घालून माळ्यावर टाकणं तर विसराच. आठवड्याभरात वॉर्निशला फोड येतात, कॉर्कच्या मुठीला बुरशी धरते. तुकडे एकत्र बांधायला रबरबँड वापरू नका, उकाड्यात तो वितळून चिकटतो. वेल्क्रोची पट्टी घ्या.

सिलिका जेलचं एका ओळीत: माझ्या पाइपाच्या टोपीला हवेसाठी भोकं आहेत. भोकं असलेल्या पाइपात सिलिका टाकणं म्हणजे खिडकी उघडी ठेवून एसी लावणं. टोपी हवाबंद असेल आणि रॉड शंभर टक्के कोरडा असेल तरच ती कामाची.

रील काढायला मोजून वीस सेकंद लागतात. त्यावर मी आणखी काही लिहिणार नाही.

आजोबांच्या काठीबद्दल मात्र लिहितो. ती काठी कोपऱ्यात नव्हती हो. जुन्या घरांत कळकाच्या वस्तू चुलीच्या वर आढ्याला अडकवत. धुराने कळक कोरडा राहायचा आणि भुंगा लागत नसे. आज तीच काठी फ्लॅटच्या कोपऱ्यात उभी करा, काही महिन्यांत खाली पिवळ्या भुश्याची रांगोळी दिसेल. उदाहरण तुम्ही दिलंत, बाजू माझी निघाली.

मग ठेवायचं कुठे, हा रास्त प्रश्न तुम्ही विचारायला हवा होता. विचारला नाहीत, तरी सांगतो. घरातली आतली भिंत निवडा. बाहेरची किंवा बाथरूमला लागून असलेली नको, तिला पावसाळ्यात ओल येते. १९ मिमी प्लायच्या दोन फळ्या. खालची जमिनीपासून चार बोटं वर, म्हणजे लादी पुसताना पाणी लागत नाही. तिला बुडाच्या टोपीच्या मापाचे उथळ खड्डे आणि प्रत्येक खड्ड्याच्या मध्यात पाणी निथळायला ६ मिमीचं आरपार भोक. वरची फळी साधारण ११० सेंमीवर, तिला २५ मिमी रुंदीच्या खाचा आणि खाचेच्या आत जुन्या हवाई चपलेच्या तळव्याची पट्टी चिकटवलेली. दोन खाचांमध्ये १२ सेंमी, रील लावून ठेवायचाच हट्ट असेल तर १८, नाहीतर हँडलं भिडतात. खाच आणि खड्डा ओळंब्यात असू द्या. रॉड सरळ उभा, वजन बुडावर, टोक मोकळं. उभं ठेवायला माझा विरोध कधीच नव्हता, टेकवून ठेवायला होता.

जागाच नसेल तर आडवे ठेवा. पाच फुटी तुकड्याला दोन्ही टोकांपासून फूटभर आत एकेक आधार पुरतो. फक्त मीटरबॉक्सजवळ किंवा उघड्या वायरिंगखाली नको. कार्बनमधून वीज जाते.

आणि हो, एक काम कराच. कापसाचा बोळा घ्या आणि त्या दाराआडच्या सहाही रॉडांच्या प्रत्येक रिंगमधून आतून गोल फिरवा. कुठे कापसाचा तंतू अडकला, तर तिथे रिंगच्या आतल्या सिरॅमिकला चीर आहे. ती चीर ब्रेडेड (विणलेली) लाइन कापते आणि तुम्हाला वाटतं मासा सुटला. असं गाईड सापडलं तर त्याचा नंबर आणि एक पायाचं की दोन पायांचं ते इथेच खाली लिहा. रागावलो असलो तरी कुठलं गाईड बसेल ते सांगेन.