खड्डा कुणाचा, वायर कुणाची

परवा नाक्यावरचे कॅमेरे का बंद पडले ते सगळ्यांना ठाऊक आहे. वायर तोडणारा जेसीबी अजून तिथेच उभा आहे.

चहाच्या कट्ट्यावर सतीशने तोंड उघडलं. हा ऐरोलीच्या कंपनीत 'सोल्यूशन्स' विकतो आणि कटिंग मागवतानाही पाठीमागे स्लाइड चालू असल्यासारखे हात हलवतो. "बेसिक प्रॉब्लेम काय, तर इंटिग्रेटेड अ‍ॅप्रोच नाही. ब्राझीलचं रिओ बघा. २०१० मध्ये पूर आला, त्याच वर्षाअखेर ऑपरेशन सेंटर उभं! भिंतभर स्क्रीन, सगळी खाती एका छताखाली!"

"भिंती आपल्याकडेही आहेत," बाळ्या म्हणाला. "स्मार्ट सिटीवाल्या शंभरच्या शंभर शहरांत कंट्रोल रूम झाली. भिंतीपर्यंत वायर कोण सांभाळतं, ते बोल."

बाळ्या फायबर, म्हणजे नेटची काचेची वायर, जोडतो. पोटापाण्यासाठी, त्यामुळे त्याला रिओ वगैरे पाठ नाही.

"मीटर लावला की तो सांगतो, चारशे मीटरवर कट. पण तो काच मोजतो, रस्ता नाही. मधल्या चेंबरमध्ये कुणीतरी वीस-तीस मीटरचं वेटोळं ठेवून गेलेलं असतं, नकाशात त्याचा पत्ता नाही. मग बसा एकेक झाकण उचलत. आत गुडघाभर पाणी, आणि उंदराने कुरतडलेली दुसऱ्याच कुणाची तरी वायर. तुकडा सापडला की फुटपाथवर स्टूल टाकायचं, वर छत्री, केसाएवढी काच स्पिरिटने पुसायची, कापायची, मशीनमध्ये समोरासमोर धरायची. धुळीचा कण बसला की पहिल्यापासून. आणि आठवड्याने पाइपलाइनवाले येतात, ते खणतात."

"एक्झॅक्टली! मग खणायचंच कशाला?" सतीश उसळला. "लोरा! सेन्सरसाठीचा बिनतारी रेडिओ! ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ, लायसन्स लागत नाही, एका बॅटरीवर सेन्सर वर्षानुवर्षं चालतो!"

"चालतो ना. नाल्याची पातळी, मीटरचं रीडिंग, एवढं मजेत जातं त्यातून. आता कॅमेऱ्याचं चित्र पाठव बघू. आणि सेन्सर ज्या गेटवेशी, म्हणजे सिग्नल गोळा करणाऱ्या डब्याशी बोलतो, त्याला लाइट आणि लाइन लागते की तो हवा खाऊन जगतो?"

लाइटचं नाव निघालं आणि बेस्टमधून रिटायर झालेले नाईक काका जागे झाले. "१२ ऑक्टोबर २०२०! ग्रिड बसली, लोकल जागच्या जागी. आणि २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, तेव्हा तुमचे मोबाइल मुके. आमच्या मजल्यावर लँडलाइन तेवढी वाजत होती."

"काका, ते २००५ होतं."

"पाऊस तोच आहे रे."

मंदारला मध्येच आठवलं की खणण्याआधी विचारायचं सरकारी अ‍ॅप २०२३ मध्येच आलंय, 'कॉल बिफोर यू डिग'. खाली कुणाच्या वायरी आहेत ते आधी विचारून घ्यायचं.

"जेसीबीवाल्याच्या फोनमध्ये आहे?" बाळ्याने विचारलं.

"त्याच्या फोनमध्ये रील्स आहेत."

मला विचाराल तर बाळ्याचंच खरं. टेंडरात खांब मोजतात, कॅमेरे मोजतात. खालची वायर पाच वर्षांनी कोण बघणार हे कुणी मोजत नाही. स्मार्ट सिटी मिशन ३१ मार्च २०२५ ला संपलं, उद्घाटनाचे फोटो काढून झाले, आता बिलं ज्या त्या महापालिकेने भरायची. हे मी बोलणार होतो, पण तोवर गाडी सतीशच्या घरावर घसरली होती.

"हा बघ, मुंबई शेवटी त्या यादीत आलीच नाही, कल्याण-डोंबिवली आली. म्हणून हा तिकडे फ्लॅट घेऊन बसला," मंदार म्हणाला. "स्मार्ट सिटीचा नागरिक! आणि रोज दारात लटकून चहाला इथे."

"तिकडे कट्टा नाहीये," सतीश पुटपुटला. त्यातल्या त्यात हेच एक खरं बोलला.

"आणि मंडळाचं स्मार्ट लायटिंग? ते कुणाचं सोल्यूशन होतं?" बाळ्याने जुनं उकरलंच. "फोनवरून कंट्रोल होणार म्हणे. आरतीला गर्दी झाली, याचा फोन लागेना, आणि गणपती अर्धा तास हिरवा-जांभळा लुकलुकतोय! शेवटी काकांनी मेन स्विच खेचला."

"तो नेटवर्क इश्यू होता!" सतीश ओरडला.

काकांच्या नाकातून चहा आला. बाळ्याला बोलताही येईना, तो नुसता जेसीबीकडे बोट दाखवत राहिला.