एकादशी, अकरा कोर्स

लंडनमधल्या उंची रेस्टॉरंटात जेवायचं असेल तर नुसती भूक लागून उपयोग नसतो. महिना-दीड महिना आधी टेबल धरावं लागतं, पैसे आगाऊ भरावे लागतात, आणि आयत्या वेळी बेत बदलला तर ते गेले. जावयाने हे सगळं आमचं विमान मुंबईहून सुटायच्या आधीच उरकून ठेवलं होतं. कॅरिबियन धाटणीचा टेस्टिंग मेन्यू, अकरा कोर्स, माणशी 110 पाउंड. टेस्टिंग मेन्यूत काय खायचं ते शेफ ठरवतो, किती खायचं तेही शेफच ठरवतो. आपल्याकडे फक्त पैसे देण्याचं खातं असतं.

तारीख धरताना एवढंच बघायचं राहिलं की त्या दिवशी आषाढी आहे. जावयाच्या फोनमध्ये तऱ्हेतऱ्हेची कॅलेंडरं आहेत, पण कालनिर्णय नाही.

"माझं काय एवढं," ही म्हणाली, "मी येईन, पाणी पिऊन बसेन." मी जन्मभर बँकेत काढलेला माणूस. 110 पाउंड म्हणजे बारा हजारांच्या आसपास रुपये. एवढ्या पैशांत पाणी पिणारी बायको मला डोळ्यांसमोर आणवेना. शेवटी लेकीने रेस्टॉरंटला ईमेल केली: टेबलावरच्या एका व्यक्तीला धान्य, कडधान्य, कांदा, लसूण, मांस, मासे, अंडी चालत नाहीत. उत्तर तासाभरात आलं. ही अॅलर्जी आहे, की वैयक्तिक आवडनिवड?

"लिही," ही म्हणाली, "पांडुरंग आहे."

लेकीने 'धार्मिक कारण' लिहिलं. मग काय चालतं याची यादी मागवण्यात आली आणि आमच्या घरातला जुना तंटा सातासमुद्रापार उकरला गेला. हिच्या माहेरी, मालवणात, उपासाला कोथिंबीर चालते. आमच्याकडे चालत नाही. हळदीचं नेमकं उलटं. अखेर रताळं, कंद, कच्ची केळी, नारळ, हिरवी मिरची, जिरं, दाणे, गूळ, लिंबू आणि सैंधव एवढ्यावर तह झाला. 'सैंधव' म्हणजे काय ते समजावताना लेकीने हिमालयाचा उल्लेख केला, त्यामुळे स्वयंपाकघरात आमच्याबद्दल बरंच भारदस्त मत झालं असावं.

राहता राहिलो मी. मी एकादशी धरत नाही, पण आषाढीला हिच्या शेजारी बसून मटण चापण्याइतका सुधारलेलोही नाही. म्हणून मी शाकाहारी मेन्यू घेतला. म्हणजे एका टेबलावर तीन पंगती: लेक-जावई कॅरिबियन, मी शाकाहारी कॅरिबियन आणि ही पंढरपूर.

बाहेर साडेसातलाही लख्ख ऊन होतं. आत मात्र भिंती काळपट हिरव्या आणि दिवे इतके मंद, की मेन्यू वाचायला सगळी टेबलं मोबाइलचे टॉर्च लावून बसलेली. संगीताचा ठोका छातीत जाणवत होता. वाढायला एक उमदा, दाढीवाला पोरगा होता. पदार्थाविषयी बोलायचं असलं की तो टेबलाशी उकिडवा बसे. वाढपी उकिडवा आणि जेवणारे खुर्चीवर, हा उलटा प्रकार बघून हिला अवघडल्यासारखं झालं. "त्याला म्हणावं, खुर्ची घे," असं तिने दोनदा सुचवलं.

माझं कॅरिबियन ज्ञान सगळं क्रिकेटचं. पोर्ट ऑफ स्पेन, ब्रिजटाउन, जॉर्जटाउन, किंग्स्टन ही माझ्या लेखी गावं नाहीतच, कसोटीची मैदानं आहेत. 1971 सालचा वाडेकरच्या संघाचा दौरा, गावसकरच्या पहिल्याच मालिकेतल्या 774 धावा, सरदेसाईच्या 642, हे सगळं मी वाढप्यापुढे उत्साहाने मांडलं. त्याचे आजी-आजोबा बार्बाडोसचे, म्हणजे सोबर्सच्या गावचे. तो नम्रपणे म्हणाला, "सर, मी फुटबॉल बघतो. आर्सेनल."

पहिल्या कोर्सला एक लाकडी पेटी आली. आत समुद्रकाठचे गुळगुळीत गोटे आणि गोट्यांवर सुपारीएवढी तीन भजी. वाढपी उकिडवा बसून म्हणाला, "गोटे खायचे नाहीत." ही सूचना द्यावी लागते याचा अर्थ यापूर्वी कुणीतरी भुकेच्या भरात प्रयत्न केला असणार. लेक-जावयाचं भजं खाऱ्या कॉड माशाचं होतं. हा मासा यायचा उत्तर अटलांटिकमधून. खारवलेला चांगला माल युरोपात विकला जाई, आणि कुणी घेणार नाही असा गाळसाळ कॅरिबियनच्या ऊसमळ्यांवर गुलामांना खाऊ घालायला पाठवला जाई. माझं भजं अॅकीचं. हे जमैकाचं राष्ट्रीय फळ. मी ते गिळल्यावर वाढप्याने पुढची माहिती दिली: हे फळ झाडावर आपण होऊन उकललं तरच काढायचं, कच्चं पोटात गेलं तर विषबाधा होते, माणसं दगावलेली आहेत. मी पाण्याचा पेला उचलला. "आमचं पिकलेलंच असतं," तो म्हणाला. चव म्हणाल तर अंड्याच्या भुर्जीसारखी. एकादशीला तेवढं पाप माझ्या खात्यावर चढलंच.

दुसऱ्या कोर्सला डबल्स. हे त्रिनिदादच्या रस्त्यावरचं खाणं. दोन मऊ, तळलेल्या चपट्या वड्यांमध्ये रश्शाचे चणे, वर चिंचेची नि मिरचीची चटणी. सकाळी गाडीपाशी उभं राहून, कोपरापर्यंत ओघळ येऊ देत खायचं. इथे ते रुपयाच्या नाण्याएवढं होतं आणि त्यावर चिमट्याने तीन चणे ठेवलेले. मोजायला कष्ट पडले नाहीत. गोष्ट मात्र लांबलचक आली: 30 मे 1845 ला 'फतेल रझाक' नावाचं जहाज कलकत्त्याहून त्रिनिदादला पोचलं. त्यात करारावर नेलेले हिंदुस्तानी मजूर होते. गुलामी बंद झाल्यावर उसाला माणसं हवी होती. त्यांच्या मागून आणखी जहाजं गेली, आणि त्या लोकांबरोबर हळद, जिरं, रोटी, चणे सगळं गेलं. गोष्ट खरी होती आणि ऐकण्यासारखीही होती. पण त्यानंतर त्याने आम्हाला चणा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. हरभऱ्याच्या झाडावर चढवणं आपल्याकडेही आहे, पण तीन हरभऱ्यांच्या बळावर इतकं उंच कुणी कुणाला चढवल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

मग एक लक्षात यायला लागलं. ताटली जेवढी लहान, तेवढी गोष्ट मोठी. आणि गोष्ट कुठूनही निघाली तरी शेवटी शेफच्या आजीपाशी पोचायची. आजीने हे इथल्या, लंडनमधल्या ब्रिक्स्टनच्या चुलीवर केलं, आजीने ते सुटकेसमध्ये दडवून आणलं, आजी रविवारी असं ढवळायची. तिसऱ्या-चौथ्या कोर्सपर्यंत त्या आजीशी माझं चांगलं जमलं. या बाईने घरात एवढ्याएवढ्याशा वाट्या मांडल्या असत्या तर पोरांनी तिला घराबाहेर काढलं असतं, अशी माझी खात्री आहे.

कॅलालू नावाच्या पातळ भाजीच्या कोर्सला टेबलावर मातीचा वाडगा ठेवून वरून चंबूने हिरवं पातळ ओतण्यात आलं. ही वाकून बघायला लागली. अळूची पानं, नारळाचं दूध, भेंडी. तिला उपासामुळे खायचं नव्हतं, पण चौकशी तर करायला हवी. "त्याला विचार, अळू खाजरं निघालं तर काय घालतात?" लेकीने विचारलं. वाढप्याला ठाऊक नव्हतं. तो आत गेला, बाहेर आला आणि म्हणाला, "शेफ म्हणतात, भरपूर वेळ शिजवतो." हिने मान हलवली. "चिंच घाला म्हणावं. नाहीतर आंबट चुका." तो पुन्हा आत गेला. शेजारच्या टेबलाचं जेवण तेवढ्यापुरतं थांबलं.

इथवर हिच्यापुढे फक्त नारळपाणी आणि केळ्याचे दोन काप आले होते, आणि मला अपराधी वाटायला लागलं होतं. तोच आतून एक मोठं, पांढरं, साधं ताट आलं. त्यात उकडलेलं रताळं, कोनफळासारख्या कंदाच्या जाड फोडी, निखाऱ्यावर भाजलेला नीरफणस, नारळाच्या दाट दुधात शिजवलेला कॅसाव्हा नावाचा कंद आणि बॅमीच्या दोन तळहाताएवढ्या भाकऱ्या. बॅमी कॅसाव्ह्याचीच. तो किसून, पिळून, थापून भाजतात, नारळाच्या दुधात भिजवतात आणि मग खरपूस तळतात. कोलंबस 1492 मध्ये पोचला तेव्हा त्या बेटांवरचे लोक कॅसाव्ह्याची भाकरी खातच होते. हिने एक तुकडा मोडला. कडेला कुरकुरीत, मधे लुसलुशीत, वाफ निघत होती. "साबुदाण्याचं थालीपीठ आहे हो," ती म्हणाली. खोटं नव्हतं. साबुदाणाही कॅसाव्ह्याचाच होतो, फक्त आपला तमिळनाडूतल्या सेलमकडून येतो.

जावयाने फोन काढून वाचायला सुरुवात केली. रताळं, कॅसाव्हा, मिरची, शेंगदाणा, बटाटा, सगळं अटलांटिकपलीकडचं. म्हणजे ज्ञानेश्वर माउलींच्या काळात ना साबुदाणा होता, ना दाण्याचं कूट, ना हिरवी मिरची. तेव्हाचे वारकरी एकादशीला काय खात असतील? "काही खात नसतील," ही म्हणाली, "उपास होता ना तो." आणि तिने दुसरी बॅमी घेतली.

वाढपी आता माझ्याशी जरा मोकळा झाला होता. त्याने सांगितलं, तुमच्या यादीचे अकरा कोर्स बसेनात. शेवटी शेफ म्हणाले, घरी करतात तसं करून टाका. जमैकात गुलामांना मळ्याच्या कडेची पडीक जमीन देत, त्यात त्यांनी आपल्यापुरतं पिकवायचं. ते पिकवत ते हेच, कंद आणि रताळी. नीरफणस त्या लोकांना स्वस्तात जगवायला म्हणून कॅप्टन ब्लायने थेट ताहितीहून आणला. पहिल्या खेपेला 1789 मध्ये 'बाउंटी' जहाजावर बंड झालं आणि रोपं समुद्रात गेली. दुसऱ्या खेपेला, 1793 मध्ये, ती पोचली. हे ऐकताना माझ्या ताटलीत नीरफणसाचा एक पारदर्शक काप उभा केलेला होता. उजेडात धरला तर पलीकडचा जावई दिसायचा. जे अन्न माणसाचं पोट गच्च भरावं एवढ्याच एका हेतूने एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात नेलं, ते पोटापर्यंत पोचू नये म्हणून किती कारागीर राबत होते!

पुढच्या कोर्सांचं फार सांगण्यासारखं नाही. जर्क, म्हणजे झणझणीत मसाला लावून धुरावर भाजलेला प्रकार, काचेच्या घुमटाखाली आला. लेक-जावयाला कोंबडी, मला फ्लॉवरचा तुरा. घुमट उचलला तसा ऑलस्पाइस या मसाल्याच्या झाडाच्या लाकडाचा धूर टेबलभर पसरला. धूर मुबलक होता, चौघांना पुरून शेजारीही गेला. बाजूला स्कॉच बॉनेट मिरचीचा केशरी ठिपका. वाढप्याने जपून खा म्हणून बजावलं. जावई नागपूरचा, सावजीवर वाढलेला. "आपल्याला काही होत नसते बाप्पा," म्हणत त्याने ठिपका बोटाने पुसून घेतला. 1976 मध्ये किंग्स्टनच्या सबिना पार्कवर वेस्ट इंडीजच्या होल्डिंगचा चेंडू आपल्या अंशुमन गायकवाडच्या कानावर बसला होता. जावयाचेही आधी कानच गेले. दोन कोर्स तो जखमी निवृत्त होता. हिने तोच ठिपका नारळाच्या दुधात कालवून रताळ्याबरोबर शांतपणे संपवला.

वाढणारा ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसावं म्हणतात. अळूच्या सल्ल्यानंतर वाढपी हिच्या ओळखीचा झालाच होता, आता शेफही बाहेर आला. तरणा, घामेजलेला, खांद्यावर फडकं. हिने त्याला हिंदी, इंग्रजी आणि हातवारे यांच्या मदतीने उपासाचं थालीपीठ सांगितलं, त्याने हिला बॅमी पिळायची रीत सांगितली. दोघांच्या बोलण्यात एकदाही चिमटा आला नाही. जाताना त्याने उरलेल्या बॅमी एका खोक्यात घालून हिला दिल्या. आम्हा तिघांना प्रत्येकी एक पुठ्ठ्याचं कार्ड मिळालं, त्यावर आम्ही काय काय खाल्लं ते छापलं होतं. ते बरं झालं, एरवी सांगता आलं नसतं.

शेवटी पेयांचं बिल आलं आणि त्याबरोबर सगळ्या जेवणावर 12.5 टक्के सेवाशुल्क. हिने बिल हातात घेतलं. "माझ्या रताळ्याचेही 110 धरलेत?" धरलेच होते. "महाग आहे," ती म्हणाली, "पण पोटभर आहे हो." आम्ही तिघांनी या मतावर काही बोलायचं टाळलं.

परतताना ट्यूबमध्ये, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेत, लेक खिडकीला डोकं टेकून होती. जावई हिच्या मांडीवरच्या खोक्याकडे बघत होता. दोन स्टेशनं गेल्यावर त्याने घसा खाकरला.

"आई, पुढची एकादशी कधी येते?"

"पंधरा दिवसांनी."

त्याने फोन काढला आणि एक कॅलेंडर उघडलं. "मग टाकून ठेवतो," तो म्हणाला. "मीही धरीन म्हणतो."