एस्केप दाब की, भावा!

या आठवड्यात एकच मेसेज तीन ग्रुपवर आला. सर्व्हर सांभाळायला नव्यानं लागलेल्या पोरांना सल्ला: 'विमच्या नादाला लागू नका. आत गेलं की बाहेर पडता येत नाही, शेकडो कमांड पाठ कराव्या लागतात, बाणाची बटणं सोडून एच-जे-के-एल ही नुसती शायनिंग आहे, आणि चुकून काही दाबलं की फाइल गेलीच.' विम म्हणजे नुसत्या कीबोर्डवर चालणारा, फाइली लिहायचा-बदलायचा एडिटर. मी उद्यमनगरातल्या चार-पाच वर्कशॉपचे सर्व्हर बघतो. रोज दोन तास तरी विममध्ये जातात, म्हणून बोलतो.

बाहेर पडायचं आधी उरकतो. एस्केप, कोलन, क्यू, एंटर. केलेले बदल नको असतील तर क्यूपुढं उद्गारचिन्ह, हवे असतील तर डब्ल्यू-क्यू. अडकणाऱ्याला हे माहीत नसतं असं नाही. आपण इन्सर्ट मोडमध्ये, म्हणजे दाबू ते अक्षर फाइलमध्ये उमटतं त्या अवस्थेत, आहोत हे त्याच्या ध्यानात नसतं. मग कोलन-क्यू फाइलमध्येच उमटतं आणि तो घाबरून अजून बटणं बडवतो. खाली कोपऱ्यात 'इन्सर्ट' लिहून आलेलं असतं, तिकडं बघायचं.

शेकडो कमांडची गोष्ट मात्र मुळातच चुकलीय. परवा एका कारखान्याचं नाव बदललं, ते बिलाच्या सेटिंगमध्ये अकरा ठिकाणी अवतरणचिन्हांत होतं. तिथला पोरगा शेवटच्या अक्षरावर जाऊन बॅकस्पेस दाबत बसलेला. मी म्हटलं, "सी, आय, मग अवतरणचिन्ह." चिन्हांच्या आतलं सगळं साफ आणि लिहायला जागा तयार. नवं नाव टाकून एस्केप. मग तिरकी रेघ मारून जुनं नाव शोधलं. पुढचं सापडलं की टिंब, एन, परत टिंब. टिंब म्हणजे मघाशी केलं ते परत कर, एन म्हणजे पुढचं शोध. "दादा, एवढंच?" एवढंच. सी म्हणजे बदल, डी म्हणजे काढ, वाय म्हणजे कॉपी. डब्ल्यू म्हणजे शब्द, डॉलर म्हणजे ओळीच्या शेवटापर्यंत. जोड्या आपणच लावायच्या. मराठीत कर्म आधी आणि क्रियापद शेवटी, इथं उलटं, म्हणून पहिले दोन दिवस अडखळायला होतं. माझी पाठ असलेली बटणं वीसपण नसतील.

एच-जे-के-एलची शायनिंग? विमचा पूर्वज व्हीआय बिल जॉय यांनी 1976 च्या सुमारास अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात लिहिला. ते वापरत त्या एडीएम-3ए टर्मिनलवर, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड एकत्र असलेल्या यंत्रावर, बाण याच चार बटणांवर छापलेले होते, आणि एस्केप होतं आज टॅब असतं तिथं. मिरवायचा प्रश्नच नव्हता, बाणाची वेगळी बटणंच नव्हती. आणि आजच्या विममध्ये बाण चालतात की! वापरा खुशाल.

फाइल जाण्याबद्दल. यू दाबलं की मागं, कंट्रोल-आर दाबलं की पुढं. दोनशे अक्षरं टाइप झाली किंवा चार सेकंद हात थांबला की विम स्वॅप फाइलमध्ये, म्हणजे बाजूला ठेवलेल्या तात्पुरत्या फाइलमध्ये, नोंद करतो. लाइट गेली, कनेक्शन तुटलं, तरी तीच फाइल परत उघडल्यावर विम स्वतःच विचारतो, आर दाबायचं. एक कबूल: फाइल बंद केली की यूची साखळी तुटते. ती टिकवायला अनडूफाइल नावाचं सेटिंग चालू करावं लागतं, आणि ते मूळ सेटिंगमध्ये बंद असतं.

खरी तक्रार मेसेजवाल्याला सुचलीच नाही. मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू असताना जे दाबलं की 'र' जातो, डी दाबलं की हलन्त. नॉर्मल मोडला, म्हणजे बटणं कमांड म्हणून चालतात त्या अवस्थेला, त्यातलं काहीच कळत नाही. दर वेळी एस्केपनंतर कीबोर्ड इंग्रजीवर आणायचा, परत लिहायला मराठीवर. वर विम ज्या खिडकीत चालतो त्या आजच्या बऱ्याच टर्मिनलांत जोडाक्षरं तुटून दिसतात. रेट आणि सेटिंग विममध्ये, मराठी मजकूर दुसरीकडं, अशी वाटणी मी केलीय. हे उत्तरही विममध्ये लिहिलेलं नाही.